‘हँग झालंय’ हे लक्षण आहे, निदान नव्हे

सरकारी दवाखाना असो, तलाठ्याचे कार्यालय असो की बँकेची शाखा, खिडकीपलीकडून येणारी तीन वाक्ये आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘सिस्टिम स्लो चाललीय’ आणि ‘हँग झालंय, उद्या या’. रुग्णाने ‘अंगात कणकण आहे’ एवढेच सांगितले, तर कोणताही डॉक्टर त्यावर थांबत नाही. कणकण मलेरियाची, डेंग्यूची की लघवीच्या जंतुसंसर्गाची, हे तो शोधतो. संगणकाच्या बाबतीत मात्र लक्षणालाच निदान मानून सगळे मोकळे होतात. उपचारही एकच ठरलेला: बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने भागले नाही, तर नव्या यंत्राची मागणी वर पाठवा.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यात गरोदर बाया असतात, लशींचे डोस अर्धे राहिलेली लेकरे असतात, क्षयाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेले लोक असतात. त्यांच्या नोंदी आता कागदी कार्डाबरोबर संगणकावर आणि टॅबवरही होतात. लसीकरणासाठीच्या ‘यू-विन’ यंत्रणेचा हेतूच असा, की मूल कुठेही गेले तरी त्याचा पुढचा डोस तिथे देता यावा. पण गावातल्या यंत्रावर ती नोंद झालीच नाही, किंवा वीज गेली आणि अर्धवट राहिली, तर कारखान्याच्या तळावरच्या पालात राहणाऱ्या त्या लेकराचा डोस चुकू शकतो किंवा दुबार दिला जाऊ शकतो. म्हणून हे यंत्र आतून कसे चालते, हे किमान ढोबळपणे तरी ते वापरणाऱ्यांना कळायला हवे.

महाराष्ट्रात संगणक-साक्षरता कमी आहे, असे म्हणण्याची सोय नाही. २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. वेतनवाढ अडू नये म्हणून असंख्य सरकारी कर्मचाऱ्यांनी तो पूर्ण केला. त्यातून पत्र टंकायला, तक्ता बनवायला, मेल पाठवायला माणसे शिकली, आणि ते मोठेच काम झाले. परंतु खिडक्या उघडायला आणि बंद करायला शिकणे वेगळे आणि त्या खिडक्यांमागे कोण बसले आहे हे कळणे वेगळे. तिथे बसलेल्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिचीच वेगवेगळी रूपे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे दवाखान्याच्याच भाषेत सांगता येते. प्रोसेसर हा डॉक्टर, मेमरी म्हणजे वॉर्डातल्या खाटा, डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. छपाईयंत्र, कळफलक, इंटरनेट ही बाहेरची दारे. आणि कामासाठी आलेले प्रोग्रॅम म्हणजे रुग्ण. या सगळ्यांमध्ये कोणाला आधी आत सोडायचे, कोणाला कोणती खाट द्यायची, कोणाची फाईल कुठे ठेवायची आणि औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हे ठरवणारा कारभारी लागतो. तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ती स्वतः रुग्णाला तपासत नाही, पण ती नसेल तर डॉक्टर असूनही दवाखाना चालत नाही.

रांग कशी लावायची

साध्या संगणकातला प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३०० कोटी ठोके घेतो, पण त्याचा एक गाभा एका क्षणी एकाच प्रोग्रॅमचे काम करतो. तरीही पडद्यावर गाणे वाजते, पत्र टंकता येते आणि छपाई चालू राहते. याचे कारण ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला काही हजारांश सेकंदांचा वेळ देते, त्याला बाजूला करते, पुढच्याला आत घेते. बाजूला करताना तो कुठवर आला होता हे टिपून ठेवते, म्हणजे परत आल्यावर तिथूनच सुरुवात होते.

पण कोणाला आधी? केवळ आला तसा क्रम लावला, तर विंचू चावलेला माणूस सर्दीवाल्यांच्या मागे उभा राहील. केवळ तातडी पाहिली, तर गुडघेदुखीच्या म्हातारबाबांचा नंबर संध्याकाळपर्यंत येणार नाही. संगणकशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराला चक्क ‘उपासमार’ म्हणतात. त्यावरचा एक उतारा कोणत्याही अनुभवी परिचारिकेला ओळखीचा वाटेल: जो जितका वेळ थांबला, त्याचे महत्त्व हळूहळू वाढवत न्यायचे. म्हणजे कधीतरी त्याचा नंबर लागतोच. आणि तातडीची घंटा वाजली, तर हातातले काम जागच्या जागी थांबवून तिकडे वळायचे. कळफलकावरची कळ दाबली जाते तेव्हा प्रोसेसरला अशीच घंटा ऐकू येते.

खाटा भरल्या की काय होते

‘सिस्टिम स्लो’ या तक्रारीचे एक नेहमीचे खरे निदान मेमरीत सापडते. खाटा भरल्या की ऑपरेटिंग सिस्टिम रुग्णाला परत पाठवत नाही. जो सध्या झोपून आहे त्याला उचलून मागच्या गोदामात, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवते आणि रिकाम्या खाटेवर नव्याला घेते. त्या पहिल्याची पाळी आली की त्याला परत आणते. चार-दोन वेळा हे खपून जाते. पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एखादी गोष्ट शोधून आणायला मेमरीच्या तुलनेत सुमारे एक लाख पट वेळ लागतो. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर गोदामातला कागद यायला एक दिवसाहून अधिक लागेल. अशा वेळी सगळा वेळ रुग्ण इकडून तिकडे नेण्यात जातो आणि तपासणी कोणाचीच होत नाही. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘हँग झालंय’.

हे निदान पक्के झाले, तर इलाज स्वस्त असतो. मेमरीची एक पट्टी वाढवली किंवा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तेच जुने यंत्र पुष्कळदा कामाजोगे होते. ब्राउझरच्या वीस खिडक्या एकदम उघडण्याची सवय सोडली, तर पुष्कळदा फुकटातही भागते. निदान न करता नवे यंत्र मागणे म्हणजे रक्ततपासणी न करता सलाईन लावण्यासारखे आहे.

वीज गेली तर नोंद कुठे गेली

ग्रामीण भागात दुसरा मोठा घोळ विजेचा. पडद्यावर ‘सेव्ह’ दाबले की माहिती तत्क्षणी डिस्कवर कोरली गेली, अशी समजूत असते. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम ती काही काळ मेमरीत धरते आणि सवडीने डिस्कवर उतरवते, कारण डिस्क हळू असते. मेमरी विजेवरच जिवंत असते. मधल्या काळात वीज गेली तर ती नोंद जाते, किंवा अर्धी उतरते. पेनड्राइव्ह आधी बंद करून मगच काढावा असे सांगतात, तेही याचमुळे.

अर्धवट नोंदीचा घोळ टाळण्यासाठी आजच्या प्रणाली एक जुनी दवाखानी शिस्त पाळतात. काय करायचे आहे ते आधी एका वहीत लिहायचे, मग ते करायचे, आणि झाल्यावर वहीत खूण करायची. वीज परत आली की प्रणाली ती वही वाचते. खूण असलेली कामे झालेली धरते आणि खूण नसलेली पुरी करते किंवा रद्द करते. फायलींची व्यवस्था यामुळे शाबूत राहते, पण शेवटच्या काही क्षणांची नोंद वाचेलच याची हमी ती वहीही देत नाही. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे यंत्र जागे ठेवणारा चालू स्थितीतला यूपीएस लागतो. बॅटरी मेलेला यूपीएस टेबलाखाली ठेवून काही साधत नाही.

घाईचा दोष

दोन कामे एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालतात, तेव्हा काय होऊ शकते याचे वैद्यकशास्त्रातले सर्वांत भयंकर उदाहरण ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट मोठा किरणांचा मारा दिला. त्यातले निदान तिघे दगावले. यंत्राच्या संगणकावर त्याच्यासाठी खास लिहिलेली छोटी ऑपरेटिंग प्रणाली होती आणि ती अनेक कामे आलटून पालटून करत असे. टेक्सासमध्ये तंत्रज्ञाने चुकीची उपचारपद्धत टंकली आणि काही सेकंदांतच ती दुरुस्त केली. पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण यंत्र आधीच्या आदेशाप्रमाणे मांडणी करण्यात गुंतले होते, त्यामुळे ती दुरुस्ती आतल्या कामापर्यंत पोहोचली नाही. दोष सुरुवातीला सापडत नव्हता, कारण तो सावकाश टंकणाऱ्याच्या हातून घडतच नसे. सरावाने हात वेगवान झाला, तेव्हाच तो उघडा पडला. त्याआधीच्या यंत्रांत चुकीचा मारा अडवणारे यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते काढून टाकले होते.

यातला धडा केवळ अभियंत्यांसाठी नाही. पडद्यावर बरोबर दिसते म्हणजे आत बरोबर झाले, असे नसते. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे यंत्राबाहेरचा एक अडसर, मग तो माणसाचा का असेना, ठेवलाच पाहिजे. औषध देण्यापूर्वी नाव विचारणारी सिस्टर हा असाच अडसर आहे. संगणक आला म्हणून तो काढून टाकू नये.

किल्ली कोणाकडे

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचे कपाट जसे कुलपात असते, तसे मेमरी, डिस्क आणि यंत्राचे भाग कर्नलच्या कुलपात असतात. साध्या प्रोग्रॅमला काहीही हवे असेल, तर त्याने कर्नलकडे अर्ज करायचा. कर्नल पाहतो, अधिकार असेल तर देतो, नसेल तर नाकारतो. त्यामुळेच एक प्रोग्रॅम कोसळला तरी बाकीचे सहसा चालू राहतात.

पण ज्याला कर्नलच्या आत प्रवेश दिला, तो चुकला तर सगळेच कोसळते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्ययावतन जगभर गेले. ते सॉफ्टवेअर कर्नलच्या आत चालत असल्याने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. परदेशातल्या रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या आणि भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कार्यालयातल्या यंत्रावर एकच खाते, त्यालाच सगळे अधिकार आणि त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला, हा प्रकार म्हणजे कपाटाची किल्ली दारालाच लटकवून ठेवणे. रोजच्या कामाला मर्यादित अधिकारांचे खाते आणि काही बसवण्या-काढण्यासाठी वेगळे खाते, एवढे केले तरी पुष्कळ रोग दारातच अडतात. हे करायला पैसा लागत नाही.

लसीकरण यंत्रांचेही

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक भेग बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी, त्याच भेगेतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांना त्याची झळ बसली आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. लस उपलब्ध होती, दिली गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, इतर युक्त्यांबरोबर तीच भेग वापरणाऱ्या दुसऱ्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. महाराष्ट्रापासून हे दूर आहे असे मानणाऱ्यांसाठी तेवढे उदाहरण पुरे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणी, अहवाल, दाखल करणे सगळे हाताने करावे लागले. संगणकांच्या जाळ्यात योग्य कप्पे पाडलेले नव्हते, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. संसर्गजन्य रुग्णाला सर्वसाधारण वॉर्डात ठेवण्याचाच हा प्रकार.

लशीची मुदत संपते तशी प्रणालीचीही संपते. विंडोज ७ ला दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र चालू राहते, पडदा तसाच दिसतो, पण नव्या भेगा बुजत नाहीत. आरोग्य सेविकांच्या हातातल्या अँड्रॉइड टॅबलाही हेच लागू आहे.

मग सगळी जुनी यंत्रे भंगारात काढायची का? तसे नाही. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स हा कर्नल सर्वांसाठी खुला आहे आणि अँड्रॉइडच्या पोटातही तोच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने त्याच पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली असून तिच्यात मराठीची सोय आहे. ती परवान्याच्या पैशाशिवाय मिळते. तिच्याविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत. एखादा जुना बोटांचे ठसे घेणारा खटका तिच्यावर चालत नाही, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेली पत्रे नीट उघडत नाहीत आणि कर्मचाऱ्यांना नवा पडदा शिकावा लागतो. पण आरोग्य विभागाची बरीचशी कामे आता ब्राउझरमध्ये होतात, आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखाच दिसतो. ज्या यंत्रावर केवळ पोर्टल भरायचे आहे, तिथे मुदत संपलेली किंवा चोरीची विंडोज चालवण्यापेक्षा ही वाट नक्कीच बरी. जिथे खास उपकरणे जोडलेली आहेत, तिथे आधार चालू असलेली विंडोज रीतसर घ्यावी. चोरीची प्रत ही मुदतबाह्य लशीपेक्षा वाईट, कारण तिच्या कुपीत काय भरले आहे हेही कोणाला ठाऊक नसते.

शीतसाखळी जमली, तर हेही जमेल

यावर नेहमीचे उत्तर येते: खेड्यात हे कोण करणार? त्याचे उत्तर खेड्यातल्याच आरोग्य केंद्रात, लशीच्या खोलीत आहे. तिथल्या आयएलआरचे, म्हणजे लस ठेवायच्या शीतपेटीचे, तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये असावे लागते. दिवसातून दोनदा ते पाहून तक्त्यावर लिहिले जाते. वीज गेली तर काय करायचे, लस कुठे हलवायची, दुरुस्तीला कोणाला बोलवायचे, हे ठरलेले असते. ही शिस्त कोणा अभियंत्याच्या जिवावर उभी नाही. एएनएम, फार्मासिस्ट आणि शिपाई यांनी ती वर्षानुवर्षे निभावली आहे. शीतपेटी आतून कशी चालते हे त्यांना सविस्तर ठाऊक नसेल, पण कोणते लक्षण दिसले की धोका आहे, हे पक्के ठाऊक असते.

संगणकालाही असाच एक तक्ता हवा. यंत्र कोणते, त्यावरची प्रणाली कोणती, तिची मुदत केव्हा संपते, शेवटची दुरुस्ती केव्हा बसली, नोंदींची दुसरी प्रत केव्हा घेतली आणि ती प्रत उघडते का, यूपीएस किती मिनिटे टिकतो. महिन्यातून एकदा भरायचा हा एक कागद आहे. त्याच्यासोबत यंत्र बंद पडल्यास वापरायचे कोरे नोंदपत्रक तयार असावे आणि ती नोंद दुसऱ्या दिवशी संगणकावर कोण चढवणार, त्याचे नाव ठरलेले असावे. प्रत्येक तालुक्याला शीतसाखळीसारखाच संगणकांची देखभाल पाहणारा एक जबाबदार माणूस असावा. त्याच्या पगाराचा खर्च दर काही वर्षांनी न तपासता बदलल्या जाणाऱ्या यंत्रांच्या खर्चाशी एकदा ताडून पाहायला हरकत नाही.

आणि संगणकाच्या प्रशिक्षणात एक तास या आतल्या कारभाऱ्यासाठी राखून ठेवावा. रांग, खाटा, किल्ली आणि वही या चार गोष्टी समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. त्या समजलेला कर्मचारी ‘हँग झालंय’ म्हणून थांबणार नाही. मेमरी भरली आहे, डिस्क मरायला टेकली आहे की केवळ इंटरनेट गेले आहे, हे तो सांगेल. दुरुस्तीला येणाऱ्याचा अर्धा वेळ वाचेल आणि खिडकीपुढच्या माणसाची खेप.

टोळीचा ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आलेल्या बाईला ‘उद्या या’ सांगून चालत नाही. उद्या ती कुठल्यातरी कारखान्याच्या वाटेवर असते. तिची नोंद त्याच दिवशी, नीट आणि टिकेल अशी व्हावी, एवढ्यासाठी हा तक्ता भिंतीवर लावायला हवा.